दुसऱ्या खेळाडूची दांडी

धाकटी त्या दिवशी बाजारात गेली होती ती नुसत्या बिजागऱ्या आणायला. गोष्ट सुरू होते ती तिथूनच, म्हणून तिथूनच सांगायला हवी.

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायचे. चाळिशी उलटली, केसांत पांढरी रेघ दिसायला लागली, तरी ते नाव काही सुटलं नाही. कामाने ती सुतार. घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे ती कपाटं, दारं, खिडक्यांच्या चौकटी करायची. हाताला अशी सफाई की तिने बसवलेलं दार कधी करकरायचं नाही. लोक गमतीने म्हणायचे, हिच्यामुळे चोरांची चांगलीच सोय झाली.

हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या कागदात बांधून झाल्या, तेव्हा तिने दुकानदाराला विचारलं, "लाकडाला गोल भोकं पाडायचं पातं आहे का? छोटं. गेमच्या मशीनचं बटण बसेल एवढं."

"गेमचं मशीन कोण करतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने वळून पाहिलं. हसऱ्या उभा होता. त्याचं खरं नाव गावात कुणाच्या ओठावर नव्हतं. जन्मतःच ओठांची ठेवण अशी की रागावला तरी हसतोय असं वाटावं. गेम पार्लरमध्ये तो दादाचा भागीदार. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. पार्लरमधली सगळी मशीनं तो दुरुस्त करायचा, आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम हसऱ्याचं. गेल्या थंडीत एका उघड्या मशीनमध्ये हात घालून काम करताना दादाला विजेचा झटका बसला आणि तो गेला. मेन स्विच बंद करायला विसरला, असं सगळे म्हणाले. त्या दिवशी दवाखान्यात सगळी धावपळ हसऱ्यानेच केली होती. धाकटीला त्याचे उपकार वाटायचे.

"मीच करतेय, भाऊ," ती म्हणाली. "दादाने घरासाठी एक मशीन करायला घेतलं होतं ना. दोन्ही बाजूच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या त्याने. त्या तशाच पडून आहेत. वहिनी म्हणाल्या, बघवत नाही, एक तर पूर्ण कर नाहीतर जाळून टाक."

"जाळायचं कशाला? पूर्ण कर," हसऱ्या म्हणाला. "झालं की मला सांग. पार्लरमध्ये दर्शनी भागात लावू. त्याची आठवण म्हणून."

एवढं बोलून तो गेला. धाकटीचे डोळे भरून आले. माणूस चांगला आहे, असं ती मनाशी म्हणाली.

दादाने कापलेल्या त्या दोन फळ्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. जाड प्लायवूडच्या, पुरुषभर उंच. वरचा भाग पुढे झुकलेला, पडदा बसतो तिथे आत गेलेला, बटणांच्या फळीशी पुन्हा बाहेर आलेला आणि खाली सरळ. ताडपत्री काढली तेव्हा धाकटी क्षणभर थबकली. मान खाली घालून दोन माणसं शेजारी शेजारी उभी असावीत, तशा त्या दिसत होत्या. मग तिने फडकं घेतलं, धूळ झटकली आणि कामाला लागली.

कामाचा तिला पहिल्यापासून आनंद. फळ्यांच्या आतून तिने पट्ट्या मारल्या, तळ बसवला, मागच्या दाराला बिजागऱ्या लावल्या. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासला. पडद्यासाठी तिने जुन्या जाड टीव्हीऐवजी पातळ स्क्रीन आणला, कारण त्या जुन्या टीव्हीच्या पोटात केवढी वीज साठून राहते हे दादानेच तिला सांगितलं होतं. आतला छोटा संगणक दादाच्या खोलीत सापडला. गेम त्यात भरलेले होते, तारांना रंगीत चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. कुठली तार कुठे, हे आंधळ्यालाही कळावं अशी त्याची शिस्त.

पहिला पेच पडला तो बटणांच्या फळीवर. दोन खेळाडूंच्या दोन जागा. दोघांनाही डावीकडे दांडी, म्हणजे जॉयस्टिक, उजवीकडे बटणं. सगळीकडे असंच असतं, म्हणून तिनेही पेन्सिलने तशाच खुणा केल्या आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर पहिल्या खेळाडूच्या खुणा होत्या तशाच. दुसऱ्याच्या मात्र उलट झालेल्या. दांडी उजवीकडे, बटणं डावीकडे. तिने आखलेल्या खुणांचा मागमूस नव्हता. खोडलेल्याचा काळपट डागही नव्हता.

दादा डावखुरा होता.

तिने वहिनीला विचारलं, "तुम्ही शेडमध्ये आला होतात का?"

"मी कशाला येऊ तिथे?" वहिनी म्हणाली. दादा गेल्यापासून वहिनीने शेडचा उंबरा ओलांडला नव्हता. ती घराच्या मागच्या दारातून बोलायची, आणि बोलणंही मोजकंच. दादा असताना हीच बाई दिवसभर गाणी म्हणायची.

धाकटी बराच वेळ फळीकडे बघत बसली. मग तिने पातं चढवलं आणि नव्या खुणांवर भोकं पाडली. भुसा उडाला, पण त्याला लाकडाचा वास नव्हता. केस करपल्यासारखा वास होता. ड्रिल तापलं असेल, असं म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. हात लावून पाहिलं तर ड्रिल थंड होतं. भोकांच्या कडा मात्र गरम होत्या.

पुढे आवाज सुरू झाला. दांडी बसवली होती, पण तारा अजून जोडलेल्या नव्हत्या. दुपारी ती रंधा मारत असायची आणि मागे टिक्... टिक् व्हायचं. गेमची दांडी एका बाजूला कलली की आतली कळ अशी वाजते. ती वळली की सगळं शांत. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा तिने रंधा खाली ठेवला. तिसऱ्या वेळी मात्र तिला हसू आलं, कारण हे टिक् टिक् तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी दोघं खेळायला बसले आणि तिची चाल लांबली, की दादा असाच दांडी हलवत राहायचा. आटप की, असं तोंडाने न म्हणता.

मशीन पूर्ण झालं तेव्हा बाहेर छान ऊन होतं. तिने प्लग लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. दोन रणगाड्यांचा खेळ होता, मध्ये विटांच्या भिंती. तिने एकट्याचा खेळ निवडला. एवढ्यात शेजारचं सुरू करायचं बटण आपोआप आत गेलं आणि पडद्यावर दुसरा रणगाडा उभा राहिला.

धाकटी मागे सरकली नाही. तिला पळावंसं वाटलंच नाही, असं ती नंतर म्हणाली. दुसरी दांडी हलली. रणगाडा सरळ कोपऱ्यातल्या भिंतीआड जाऊन बसला आणि वाट बघू लागला. दादाची हीच रीत. आपण होऊन हल्ला करायचा नाही. समोरच्याला येऊ द्यायचं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तूच ना?"

टिक् टिक्.

आणि मग पन्नाशीकडे निघालेली ती बाई डोळे पुसत पुसत अंधार पडेपर्यंत खेळत राहिली. प्रत्येक डावात हरली. हरताना तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. ना चकित झाली, ना रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदाच शेडच्या दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. धाकटी खेळत होती, शेजारची दांडी आपली आपण हलत होती.

"हसऱ्या भेटला होता," वहिनी म्हणाली. "विचारत होता, मशीन बघायला कधी येऊ."

नाव निघालं मात्र, कोपऱ्यात बसलेला रणगाडा भिंत फोडून बाहेर आला. एकामागून एक गोळ्या. धाकटीचा रणगाडा फुटला तरी त्या थांबेनात. दांडी एका बाजूला इतक्या जोरात दाबली गेली होती की खालचं लाकूड कुरकुरलं. शेडमध्ये तो करपलेला वास भरून राहिला.

धाकटीने दांडीकडे बघत विचारलं, "दादा... हसऱ्याभाऊंनी काय केलं?"

दांडी सुटली नाही. लाकूड तेवढं परत कुरकुरलं.

वहिनी दारातूनच बोलली, सावकाश, जणू कधीपासून तोंडात धरलेलं काही बाहेर काढत होती. "तुझा दादा मेन स्विच स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. घरातला बल्ब बदलायचा असला तरी मला दोनदा विचारायचा. तो विसरला, असं मी कधीच मानलं नाही. त्या दिवशी तो कुणाच्या तरी शब्दावर विसंबला."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"कोणाजवळ बोलू? तो माणूस माझ्या दारात उभा राहून हुंदके देत होता. आणि चेहरा बघितलास त्याचा? रडतानाही हसतोय असंच वाटतं." तिने पदराने ओठ पुसले. "बोलव त्याला."

"वहिनी, पण..."

"मशीन बघायचं आहे ना त्याला? बोलव."

हसऱ्या आला त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. भर दुपारी शेडमध्ये दिवा लावायला लागला. वारा पडला होता. तो हातात मिठाईचा पुडा घेऊन आला, वहिनीची चौकशी केली, मशीनभोवती एक फेरी मारली, लाकडावरून हात फिरवला.

"काय काम केलंस, धाकटे. सांधा दिसत नाही कुठे." मग फळीकडे बघून तो थांबला. "ही दुसरी बाजू उलटी का केलीस?"

"दादा डावखुरा होता ना," ती म्हणाली.

"हो. होता खरा." त्याने घसा खाकरला. "चालू कर, बघू."

धाकटीने बटण दाबलं. हसऱ्या पहिल्या खेळाडूच्या जागी उभा राहिला आणि डाव्या हाताने दांडी धरली. शेजारचं बटण आत गेलं. दुसरा रणगाडा आला. हसऱ्याने आधी शेजारी पाहिलं, मग मशीनच्या मागे.

"आपोआप खेळतं वाटतं. आत काहीतरी बसवलंयस तू."

"मी काही बसवलं नाही."

तो खेळू लागला. समोरचा रणगाडा आज कोपऱ्यात गेला नाही. सरळ त्याच्याकडे आला, त्याच्या पुढ्यात उभा राहिला आणि गोळी न मारता तसाच थांबला. हसऱ्याने गोळ्या मारल्या. काही झालं नाही. त्याने पुन्हा मारल्या. मग त्याने दांडी सोडायला हात उचलला, आणि हात उचलला गेला नाही.

आधी तो हसला, म्हणजे त्याचे ओठ तसे होतेच. मग त्याने उजव्या हाताने डावं मनगट धरून ओढलं. बोटं दांडीभोवती अशी आवळली होती की पेरं पांढरी पडली. दंड थरथरायला लागला, मान एका बाजूला खेचली गेली. शेडमध्ये केस करपल्याचा वास आला.

"बंद कर," तो म्हणाला. "धाकटे... बंद कर हे."

धाकटी भिंतीजवळ उभी होती. प्लग तिच्या हाताशी होता, नुसतं वाकायचं होतं. ती वाकली. त्याच वेळी तिच्या मनगटावर एक हात पडला. वहिनी आत आली होती. उंबरा ओलांडून आली होती, आणि तिच्या पावलांचा आवाजही झाला नव्हता.

"राहू दे," वहिनी म्हणाली.

"वहिनी..."

"आधी त्याला बोलू दे."

आणि हसऱ्या बोलला. कुणी न विचारता, दातांवर दात आपटत, तुटक तुटक. "त्याने विचारलं... मेन बंद आहे ना. मी म्हटलं... बंद आहे. सकाळी चारचौघांत बोलला होता मला... तुझ्या हाताला काम येत नाही, तू नुसता हसत बस म्हणाला... मला वाटलं, बसू दे एक झटका. गंमत... नुसती गंमत. पण त्याचा हात सुटेना. त्याने माझ्याकडे बघितलं..."

"आणि तू काय केलंस?" वहिनीने विचारलं.

"मेनचं बटण माझ्याजवळच होतं."

"तू काय केलंस?"

"उभा राहिलो," हसऱ्या म्हणाला. "बघत उभा राहिलो... हलवेना मला. मग त्याने बघायचं थांबवलं."

दवाखान्यातली ती धावपळ, दारातले ते हुंदके, दुकानातले ‘त्याची आठवण म्हणून’ हे शब्द, सगळं धाकटीला एकदम आठवलं. वहिनीची पकड तशी ढिली होती. झिडकारली असती तर सुटली असती. धाकटीने झिडकारली नाही. दादाकडे हा माणूस जसा बघत उभा होता, तशीच ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या छातीत काहीतरी गोड आणि कडक घट्ट होत गेलं. भोग, ती मनात म्हणाली. आता भोग.

मग हसऱ्याच्या तोंडातून लहान मुलासारखा एक बारीक आवाज निघाला आणि ती भानावर आली. तिने वहिनीचा हात बाजूला केला, वाकली आणि प्लग खेचून काढला.

दिवा गेला, कारण त्याची वायरही त्याच प्लगमध्ये जोडलेली होती. पडदा मात्र उजळच राहिला. प्लग तिच्या हातात लोंबत होता आणि पडद्यावर ते दोन रणगाडे एकमेकांपुढे उभे होते. मग पहिला विझला. पाठोपाठ हसऱ्याची बोटं उघडली आणि तो खाली कोसळला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. चौकशीसाठी आलेल्या वायरमनने मशीन उघडून तारा तपासल्या आणि मान हलवली. या दांडीत येतो तेवढ्या करंटने मुंगीसुद्धा मरणार नाही, असं तो म्हणाला. त्यावर कुणी काही विचारलं नाही. दोघींनीही काही सांगितलं नाही.

धाकटीने मशीन सुटं केलं. स्क्रू काढताना तिने शेवटची हाक मारली, "दादा..." टिक् झालं नाही. लाकूड नुसतं लाकूड होतं, थंड, आणि त्याला लाकडाचाच वास होता. तो सुटला, तिला वाटलं. त्याचं झालं. तिने फळ्यांचे तुकडे केले आणि शेडबाहेर पेटवून दिले. ते नीट, शांतपणे जळाले.

वहिनी पुन्हा गाऊ लागली. आधी गुणगुणायची, मग मोकळ्या गळ्याने. घरात हलकं वाटायला लागलं. धाकटीने नव्या कपाटाचं काम हाती घेतलं आणि एके दिवशी रंधा मारून झाल्यावर तो खाली ठेवायला गेली, तर हात सुटला नाही.

क्षणभरच. मग बोटं उघडली. थकवा असेल, तिने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पटाशीवर तेच झालं आणि जरा जास्त वेळ. तिने मोजलं नाही, पण ओळखलं. त्या दिवशी वहिनीने मनगट धरलं आणि तिने झिडकारलं नाही, तेवढाच तो वेळ होता. शरीराला तो पाठ होता. ती हात पुसत राहिली, हे वहिनीला सांगावं का, या विचारात पडली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातलं गाणं मध्येच थांबलं.

"धाकटे," वहिनीची हाक आली. आवाज अगदी साधा, जणू मिठाचा डबा सापडत नव्हता. "जरा ये गं इकडे."

ती गेली. वहिनी कपाटापुढे उभी होती. हात वर, कपाटाच्या दाराची मूठ धरलेला. पेरं पांढरी पडली होती. ती वळली नाही.

"सुटत नाही," ती म्हणाली.

"घाबरू नका, वहिनी. मलाही होतंय तसं. थोडा वेळ थांबा, सुटेल आपोआप." धाकटी पुढे झाली. "दादा आहे तो. तो आपल्याला काही करणार नाही..."

"हात ठेवलाय कुणीतरी माझ्या हातावर," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता फार बारीक झाला होता. "वीस वर्षं संसार केलाय मी, धाकटे. त्याचा हात मी अंधारातही ओळखीन..."

तिचा दंड थरथरू लागला.

"हा तुझ्या दादाचा नाही."